रिपोर्टमधला ‘३+’ म्हणजे तिसरी स्टेज नव्हे! स्तनाच्या कॅन्सरच्या गाठीची ‘जात’ कशी ओळखतात?

पेठ (ता. आंबेगाव) : सातगाव पठारावरच्या एका वाडीतली ४६ वर्षांची महिला. बटाट्याच्या लागवडीत सरीवर वाकलेली असताना काखेजवळ गाठ हाताला लागली. दुखत नव्हती, म्हणून काढणी होईपर्यंत तिने घरात कुणाला सांगितलंच नाही. काढणी झाली, पट्टी आली, मग पुण्याचा दवाखाना. सुईने गाठीचा तुकडा काढला आणि काही दिवसांनी रिपोर्टचा फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडला. ईआर निगेटिव्ह, पीआर निगेटिव्ह, हर-टू ३+.

दिराने वाचलं आणि सांगून टाकलं, ‘‘तीन म्हणजे तिसरी स्टेज.’’ दोन दिवस घरात नीट चूल पेटली नाही. एका पाहुण्याने झाडपाला देणाऱ्याचा पत्ता दिला, दुसरा म्हणाला आता खर्च करून काय उपयोग. प्रत्यक्षात तिचा आजार दुसऱ्या स्टेजमध्ये होता, आणि त्या ‘३+’ मुळेच तिला लागू पडणारं एक खास औषध आहे, हे डॉक्टरांनी समजावल्यावर घर थाऱ्यावर आलं.

ही गल्लत अनेक घरांत होते. स्टेज म्हणजे आजार किती पसरला त्याचं माप: गाठ केवढी, काखेतल्या ग्रंथींत गेली का, हाडं-फुप्फुस-लिव्हरपर्यंत पोचली का. ईआर, पीआर, हर-टू हे मार्कर वेगळी गोष्ट सांगतात. गाठ कोणत्या स्वभावाची आहे आणि कोणत्या औषधाला दाद देईल, हे त्यावरून कळतं.

पठारावरच्या शेतकऱ्याला हे सांगायला फार लांब जावं लागत नाही. बटाट्यावर लवकर येणारा करपा वेगळा, उशिरा येणारा वेगळा. लांबून दोन्ही डागच दिसतात. पण ढगाळ हवेत उशिराचा करपा आठवड्यात प्लॉट बसवतो. शेजाऱ्याने मारलं तेच औषध आपणही मारलं, म्हणून प्लॉट वाचेलच असं नाही. ‘‘तिच्या मावशीला गोळीवर बरं वाटलं, मग हिला इंजेक्शन कशाला?’’ या प्रश्नाचं उत्तरही तेच आहे.

ईआर आणि पीआर म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या शरीरातल्या हार्मोनना धरून घेणाऱ्या जागा. त्या गाठीच्या पेशींत असतील तर हार्मोन त्या गाठीला खतासारखं काम करतं. अशा वेळी खत तोडायचं. टॅमॉक्सिफेनची रोजची गोळी पेशीपर्यंत इस्ट्रोजेनचा परिणाम पोचू देत नाही. पाळी गेलेल्या बायकांना बहुतेकदा लेट्रोझोलसारखी गोळी देतात. गोळी स्वस्त आहे, पण किमान ५ वर्षं घ्यावी लागते, काहींना १० वर्षं. इथेच घोळ होतो. ऑपरेशन झालं, केस परत आले, बाई शेतात जायला लागली की गोळी बंद! अंगातून वाफा निघतात, सांधे दुखतात, हे खरं आहे. ते डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेता येतं, मनाने बंद करायचं नाही.

हर-टू हे एक जनुक आहे. निरोगी पेशीत त्याच्या दोन प्रती असतात. काही गाठींत त्या कितीतरी वाढतात आणि पेशी भराभर वाढायला लागते. रिपोर्टमध्ये ०, १+, २+, ३+ असं लिहितात. ० आणि १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ आलं तर नक्की सांगता येत नाही, म्हणून ‘फिश’ नावाची पुढची तपासणी करतात. ती टाळून उपचार सुरू करू नयेत. पूर्वी हर-टू पॉझिटिव्ह गाठ फार वाईट समजली जायची. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब या औषधाला मंजुरी मिळाली आणि चित्र पालटलं. भारतात २०१३ साली बंगळूरच्या बायोकॉनच्या त्याच धर्तीच्या औषधाला परवानगी मिळाली, नंतर इतर कंपन्यांचीही आली, त्यामुळे किंमत खाली आली. लवकरच्या स्टेजमध्ये हे इंजेक्शन साधारण वर्षभर, बहुधा दर ३ आठवड्यांनी देतात. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधून मधून टू-डी इको करावा लागतो.

तिन्ही निगेटिव्ह आले तर ‘ट्रिपल निगेटिव्ह’. नाव ऐकून सगळं चांगलं आहे असं वाटतं, पण हा प्रकार आक्रमक असतो आणि आपल्या देशात त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतं. त्यावर हार्मोनची गोळी किंवा ट्रास्टुझुमॅब चालत नाही. किमोला मात्र तो बऱ्याचदा चांगली दाद देतो.

बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ची गोष्ट निराळी. हा दोष रक्तातून तपासतात आणि तो पिढीजात असतो. आई किंवा बाप, ज्याच्यात असेल त्याच्याकडून प्रत्येक मुलाला, मुलीला तो मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर फक्त आई-मावशी सांगून थांबू नये. आत्या आणि बापाची आईही सांगावी. स्तनाच्या कॅन्सरच्या बहुसंख्य रुग्णांत हा दोष नसतो, तेव्हा घरातल्या सगळ्या लेकींनी घाबरून लॅबकडे पळायचं कारण नाही. कमी वयातला कॅन्सर, ट्रिपल निगेटिव्ह गाठ किंवा घरात अनेकांना स्तनाचा वा अंडाशयाचा कॅन्सर असेल, तर ही तपासणी सुचवतात. दोष सापडला तर काही रुग्णांना ओलापॅरिब ही गोळी उपयोगी पडते.

आणखी महागड्या तपासण्याही आहेत. ऑन्कोटाइप डीएक्स गाठीतली २१ जनुकं पाहून आजार उलटण्याचा अंदाज देते. १०,००० हून जास्त बायकांवरच्या अभ्यासातून २०१८ साली दिसलं, की हार्मोन पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह आणि काखेत न पसरलेल्या गाठीच्या अनेक बायकांना किमो टाळता येते. बंगळूरची कॅनअसिस्ट ब्रेस्ट ही देशी तपासणी ५ प्रथिनं पाहते. पण या ठरावीक प्रकारच्या गाठींसाठीच. हर-टू पॉझिटिव्ह किंवा ट्रिपल निगेटिव्ह असेल तर त्यावर पैसे घालू नयेत.

एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही. काढलेला तुकडा लगेच फॉर्मॅलिनमध्ये पडला पाहिजे. साध्या पाण्यात किंवा सलाईनमध्ये तासन्‌तास राहिला तर मार्कर चुकीचा निगेटिव्ह येऊ शकतो. पुढे तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. टाटाला किंवा दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं तर रिपोर्टच्या कागदासोबत ब्लॉक आणि काचपट्ट्याही लॅबकडून मागून घ्याव्यात. त्यावर पुन्हा तपासणी होऊ शकते, सहसा परत सुई टोचावी लागत नाही. फक्त गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवू नये, मेण वितळतं.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार आहेत. मात्र कोणतं औषध, कोणती तपासणी त्यात बसते, हे पैसे भरण्याआधी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला विचारावं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवावं.

वाडीतल्या त्या बाईची किमो सुरू झाली आहे, त्याच्या जोडीने ट्रास्टुझुमॅबही. दिराने ग्रुपवरचा ‘तिसरी स्टेज’चा मेसेज काढून टाकला. पुढच्या इंजेक्शनच्या तारखा आता स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिलेल्या आहेत.