विश्लेषण : गाय किती वर्षे जगते? भाकड झाल्यावर तिचे काय होते?

गाय पंधरा-वीस वर्षे जगू शकते. दूध मात्र त्यातली निम्मीच वर्षे देते. उरलेल्या वर्षांचा चारा कोणी घालायचा, हा प्रश्न राज्यातील प्रत्येक गोठ्यात कधी ना कधी उभा राहतो.

नैसर्गिक आयुष्य किती?

चांगला सांभाळ झाल्यास गाय साधारण १५ ते २० वर्षे जगते. काही गायी त्याहून अधिक वर्षेही काढतात. आयर्लंडमधील ‘बिग बर्था’ ही गाय १९९३ मध्ये मेली तेव्हा ४८ वर्षांची होती. तिने ३९ वासरांना जन्म दिला होता. सर्वाधिक जगलेली गाय म्हणून तिची नोंद गिनेस बुकात आहे.

वय कसे ओळखतात?

जन्मनोंद नसेल तर दातांवरून. दुधाचे दात असलेले जनावर ‘आदत’. साधारण दोन ते अडीच वर्षांनी कायमच्या दातांची पहिली जोडी येते, म्हणजे जनावर ‘दोन दाती’ होते. पुढे चार दाती, सहा दाती आणि चार-पाच वर्षांत आठही दात आले की ते ‘जुळले’ असे म्हणतात. त्यानंतर दातांच्या झिजेवरून वयाचा अंदाज बांधला जातो.

दूध किती वर्षे?

संकरित कालवड अडीच-तीन वर्षांची असताना पहिल्यांदा विते, देशी कालवडीला त्याहून जास्त वेळ लागतो. गाभण काळ सुमारे २८० दिवसांचा. एका वेतात साधारण ३०५ दिवस दूध आणि पुढच्या वेतापूर्वी दोन महिने विश्रांती, असे चक्र धरले जाते. पाच-सहा वेतांनंतर दूध घटते. म्हणजे नऊ-दहा वर्षांची गाय गोठ्याला परवडेनाशी होते. अमेरिकेतील मोठ्या डेअरींत तर होल्स्टिन गायी पाच-सहा वर्षांच्या होईपर्यंतच कळपातून काढल्या जातात. कारणे तीच : गाभण न राहणे, कासदाह आणि लंगडेपणा.

गायी राहतात कुठे?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात गोवंशाची संख्या सुमारे १९.२५ कोटी आहे. महाराष्ट्रात ती २०१२ मध्ये सुमारे १.५५ कोटी होती, ती १.४० कोटींवर आली. खिल्लार सोलापूर-सांगली-साताऱ्याच्या माणदेशात, देवणी लातूरकडे, लाल कंधारी नांदेडकडे, गवळाऊ वर्ध्यात, तर भरपूर पाऊस सोसणारी डांगी नाशिक-अहिल्यानगरच्या डोंगरपट्ट्यात आढळते. दुधासाठी मात्र होल्स्टिन आणि जर्सीच्या संकरित गायींवर भर आहे. त्यांना उन्हाचा त्रास अधिक होतो. म्हणून सावली, भरपूर पाणी आणि फिरायला जागा देणारा मुक्त गोठा त्यांना मानवतो.

भाकड गायीचे काय?

मोठ्या गायीला रोज १५-२० किलो हिरवा आणि पाच-सहा किलो सुका चारा लागतो. दूध थांबले तरी पोट थांबत नाही. शेण-गोमूत्राचा खतासाठी उपयोग होतो, पण अल्पभूधारकाला तेवढ्यावर खर्च भागवता येत नाही. राज्यात गायींच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने बंदी होती. २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. त्यामुळे जनावर सांभाळणे, गोशाळेत देणे किंवा मोकाट सोडणे एवढेच पर्याय उरतात. मोकाट गाय उकिरड्यावर चरते आणि प्लास्टिक गिळते. ते पहिल्या पोटात साचत जाते, पचत नाही आणि बाहेरही पडत नाही. अशा गायीचे आयुष्य वीस वर्षांचे राहत नाही.

सरकार काय करते?

मुंबईच्या भुलेश्वरात १८३४ पासून पांजरपोळ आहे, म्हणजे समाजाने हा भार उचलण्याची परंपरा जुनी आहे. राज्य सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गायीला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गायींसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदान जाहीर केले. मात्र हे अनुदान गोशाळेतील आणि देशी गायीलाच लागू आहे. शेतकऱ्याच्या दावणीला बांधलेली म्हातारी संकरित गाय त्यात बसत नाही. तिचा चारा आजही शेतकऱ्याच्याच खिशातून येतो.