गादीचा वारस (भाग ६) : त्याच दिवशीची नोंद

गेल्या आठवड्यात आपण अकबराच्या दरबारापर्यंत गेलेला बोहरी समाजाचा वारसावाद पाहिला. दाऊदी आणि सुलेमानी अशी फूट पडली त्या भांडणात एक कागद पुढे केला गेला होता. आज पाहायचा तो वाद आपल्या डोळ्यांदेखत झाला, आणि त्यात वादीकडे त्या दिवसाचा कागदच नव्हता.

अंधेरीत मरोळला अल्जामिआ-तुस-सैफिया या विद्यापीठाचं संकुल आहे. १० फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं, तेव्हा सोबत दाऊदी बोहऱ्यांचे ५३ वे दाई, म्हणजे धर्मप्रमुख, सय्यदना मुफद्दल सैफुद्दीन होते. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात गेलं की दारूस सकिना ही वास्तू आहे. त्याच पदावरचा दुसरा दावा तिथून मांडला गेला. मरोळच्या उद्घाटनाच्या वेळी मुंबई उच्च न्यायालयात या दाव्याची अंतिम सुनावणी चालू होती.

दाई निवडणुकीने ठरत नाही. हयात दाई आपला वारस नेमतात, त्याला नस्स म्हणतात. ५१ वे दाई सय्यदना ताहेर सैफुद्दीन १२ नोव्हेंबर १९६५ रोजी माथेरानला निवर्तले आणि सय्यदना मोहम्मद बुऱ्हानुद्दीन गादीवर आले. त्यांनी आपले पंचविशीतले सावत्र बंधू खुझैमा कुतबुद्दीन यांना माजून, म्हणजे दुसऱ्या क्रमांकाच्या पदावर नेमलं. ही नेमणूक सर्वांसमक्ष झाली. पण त्याआधी, १० डिसेंबर १९६५ रोजी, एकांतात आपल्यावर नस्स झाली आणि ती गुप्त ठेवायला सांगितलं गेलं, असं कुतबुद्दीन यांचं म्हणणं. हे जाहीर झालं १७ जानेवारी २०१४ रोजी बुऱ्हानुद्दीन यांचं निधन झाल्यावर. मध्ये ४८ वर्षं गेली होती.

इथे मला अमेरिकेतली एक डायरी आठवते. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांची २७ जून १८४४ रोजी जमावाने हत्या केली. वारस कोण, याचा स्पष्ट निर्णय झालेला नव्हता. ८ ऑगस्टला इलिनॉयमधल्या नॉवू गावात सभा भरली. सिडनी रिग्डन यांनी पालकत्वाचा हक्क सांगितला, ब्रिगहॅम यंग यांनी बारा प्रेषितांच्या मंडळाची बाजू मांडली, आणि लोकांनी मंडळाला कौल दिला. पुढे भाविकांत कथा रुजली, की बोलताना यंग यांचा चेहरा आणि आवाज हुबेहूब स्मिथ यांच्यासारखा झाला. विल्फर्ड वुडरफ त्या सभेत होते. डायरी लिहिण्यात हा माणूस फार काटेकोर. समासात किल्ल्या, हृदयं, मृत्यूची नोंद असेल तर शवपेटीसुद्धा काढायचा. सभेचा वृत्तांत त्यांनी सविस्तर लिहिला, पण त्यात चमत्काराचा उल्लेख नाही. अनेक वर्षांनी हेच वुडरफ सांगू लागले, की डोळ्यांनी यंग दिसले नसते तर स्मिथच बोलताहेत असं वाटलं असतं!

वुडरफ खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. श्रद्धेत मुरलेली आठवण प्रामाणिक असू शकते. पण त्या दिवशी काय घडलं हे ठरवताना मी डायरीच्या बाजूने उभा राहीन. आणि म्हणूनच कुतबुद्दीन यांच्या दाव्याकडे पाहताना जीव हळहळतो. गुप्त ठेवण्याची आज्ञा पाळणारा माणूस पुरावा आणणार कुठून?

त्यांनी २०१४ मध्ये दावा लावला. उलटतपासणी अपुरी असतानाच ३० मार्च २०१६ रोजी त्यांचं निधन झालं. मग पुत्र ताहेर फखरुद्दीन वादी झाले. एकांतातली, साक्षीदार नसलेली नस्सही ग्राह्य आहे, हा त्यांचा युक्तिवाद. प्रतिवादींनी मुफद्दल सैफुद्दीन यांच्यावर नस्स झाल्याचे चार प्रसंग मांडले: १९६९, २००५, आणि जून २०११ मधले दोन. त्यांतला एक लंडनच्या इस्पितळातला, दुसरा २० जूनचा, भेंडीबाजारातल्या रौदत ताहेरा या समाधिस्थळातला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला बुऱ्हानुद्दीन यांना पक्षाघात झाला होता, त्यामुळे त्यांना नीट बोलता तरी येत होतं का, यावरही वकिलांची झुंज झाली.

२३ एप्रिल २०२४ रोजी न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी दावा फेटाळला. आपण पुराव्याचा निर्णय देत आहोत, श्रद्धेचा नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं. १९६५ ची नस्स सिद्ध झाली नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. सैफुद्दीन यांचं पद त्यामुळे कायम राहिलं.

पुढच्या आठवड्यात याच उच्च न्यायालयातला १९२१ चा चांदाभाई गल्ला खटला. तिथेही एका जुन्या नस्सवर प्रश्न उभा राहिला होता, १८४० सालच्या.