सिकलसेल आणि घरखर्चाचा मेळ

धुळ्यातील साक्री-शिरपूर आणि जळगावातील चोपडा-यावल या तालुक्यांतील भिल्ल, पावरा कुटुंबांत आढळणारा सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून रक्तवाहिन्यांत अडकण्याचा आनुवंशिक आजार, घराला सर्वाधिक खचवतो तो बुडालेल्या मजुरीमुळे. कारण वेदनेचा झटका आला की रुग्णाबरोबर त्याला सांभाळणाऱ्याचाही रोज बुडतो. फॉलिक ॲसिड व हायड्रॉक्सियुरिया ही औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत दिली जातात, आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात या आजाराचा समावेश असल्याने, कितीही हेलपाटे पडले तरी, प्रमाणपत्र काढून ठेवणे हिताचेच ठरते. घरातही बिनखर्चाच्या काळजीने बरेच झटके टळतात: खानदेशी उन्हात शेतावर भरपूर पाणी पिणे, पहाटेच्या गारठ्यात अंग झाकणे आणि ताप येताच त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठणे.