खलनायकाविना रंगणारी गोष्ट

हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’ या १९८८ सालच्या जपानी अ‍ॅनिमेशनपटात राक्षस नाही, लढाई नाही, कुणाचा सूडही नाही. आई दवाखान्यात आहे म्हणून सात्सुकी आणि मेई या बहिणी वडिलांबरोबर खेड्यात राहायला येतात, आणि कापराच्या जुन्या झाडात धाकटीला टोटोरो हा भलामोठा केसाळ प्राणी भेटतो. गोष्ट एवढीच. ती रंगते, कारण मोठी माणसं पोरीला खोटं पाडत नाहीत. वडील दोघींना झाडापुढे नेतात आणि वाकून नमस्कार करतात. अद्भुत कितीही असो, मुलांच्या घरगुती जगात ते सहज सामावलं की पटतं.

या कसोटीला उतरणारं लेखन एका खानदेशी कवीने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केलं. धरणगावला १८९० साली जन्मलेल्या बालकवींच्या ‘फुलराणी’ या कवितेत कुरणातली कळी सूर्यकिरणावर भाळते. संध्याकाळचा खट्याळ वारा तिला चिडवतो आणि पहाटे लग्न लागतं: वारा सनई वाजवतो, झरे पखवाज धरतात, दवाचा अंतरपाट दूर होतो. भातुकलीत बाहुला-बाहुलीचं लग्न लावावं, तसा हा थाट. खानदेशातल्या मुलींच्या गुलाबाईच्या सणातही तेच. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत पार्वती माहेरी आलेली असते; मुली तिच्यापुढे गाणी म्हणतात आणि झाकलेला डबा हलवून, आवाजावरून आतला खाऊ ओळखतात. देवी आणि डबा, दोन्ही त्यांना सारखेच खरे.

मारामारीच्या कार्टूनला सरावलेली मुलं असलं काही बघतील का, असं कुणी विचारेल. पण ‘टोटोरो’त ताण कमी नाही. आईचं घरी येणं लांबतं तेव्हा चिमुरडी मेई मक्याचं कणीस उराशी धरून एकटीच दवाखान्याकडे निघते. ही भीती मुलांना तलवारबाजीपेक्षा लवकर कळते, कारण ती त्यांच्या ओळखीची असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: असला गोडवा वास्तव झाकतो. तसं होतं खरं, पण जादूने दुःख पुसून टाकलं तरच. टोटोरो आईचा आजार बरा करत नाही. वाट बघण्याचे दिवस तेवढे सुसह्य करतो. जळगाव-धुळ्याकडे असा चित्रपट काढायचा, तर कापूस वेचायला गेलेल्या आईची वाट बघणारी लेक आणि घरी आलेली गुलाबाई एवढं पुरेसं आहे. गोष्ट फिकी वाटेल या धास्तीने त्यात राक्षस घुसवला, तर मात्र ती बिघडेल.