तेच स्वप्न पुन्हा पुन्हा का पडतं? पोरांना गप्प करू नका, ऐकून घ्या

खारदांडा : पाणी वर चढतंय, पाय हलत नाहीत, आईला हाक मारावी तर आवाज फुटत नाही. लहानपणी असं एकच स्वप्न कितीतरी वेळा पडल्याचं सांगणारी माणसं घराघरांत भेटतात. सामान मात्र आजूबाजूचंच असतं. दांड्याच्या कोळीवाड्यात लाट, घाटावर विहीर, परीक्षा जवळ आली की कोरा पेपर.

पाणी दिसलं म्हणजे पैसा, साप दिसला म्हणजे शत्रू, असा कोश विज्ञानाकडे नाही. एकाच लाटेचा अर्थ दोन पोरांसाठी वेगळा. १७ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ मुंबईजवळून गेलं. तेव्हा बाबांची वाट बघत बसलेल्या पोराची लाट वेगळी, पोहायला घाबरणाऱ्याची वेगळी. फिनलंडचे संशोधक अँटी रेव्होनसुओ यांनी २००० मध्ये मांडलं की, स्वप्न ही संकटाची रंगीत तालीम असते. सगळ्यांना ते पटलेलं नाही. पण मनात न सुटलेली काळजी असली की स्वप्न परत येतं, असं बरेच अभ्यासक मानतात.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, असं आपल्याकडे म्हणतात. त्यामागचं कारण साधं आहे. स्वप्नांची झोप पहाटेकडे लांबत जाते आणि त्यातूनच जाग आली तर स्वप्न लख्ख आठवतं. खरं होण्याशी त्याचा संबंध नाही.

झोप लागून तास-दोन तासांत पोर किंचाळून उठतं, डोळे उघडे पण ओळख नाही, सकाळी काही आठवत नाही, तर ते स्वप्न नव्हे. ती गाढ झोपेतली दचक. अशा वेळी गदागदा हलवू नका, नुसतं जवळ बसा.

आजीने दृष्ट काढली तर काढू द्या, पोराला धीरच येतो. पण ‘काही नाही, झोप’ म्हणून विषय मिटवू नका. दिवसा स्वप्न सांगायला लावा, चित्र काढायला द्या आणि शेवट त्यालाच बदलू द्या : लाट आली, पण होडीही आली. हा नवा शेवट रोज थोडा वेळ मनात घोळवायचा. दुःस्वप्नांवर डॉक्टरही हीच पद्धत वापरतात.

आठवड्यातून बरेचदा तेच स्वप्न पडत असेल, पोर झोपायलाच घाबरत असेल किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीतही बोलता येतं.