पाणी प्यायलेली मूर्ती

शाडूचा गणपती आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा गणपती शेजारी-शेजारी ठेवा. रंग चढला की भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही. दोन्ही टणक. पण टणक होण्याची रीत मात्र अगदी उलटी! शाडू घट्ट होतो तो पाणी निघून गेल्यामुळे. प्लास्टर घट्ट होतं ते पाणी आत शिरल्यामुळे.

शाडू म्हणजे अतिबारीक, चपट्या कणांची माती. ओली असते तेव्हा कणांमध्ये पाणी असतं, म्हणून ती बोटांनी हवी तशी वळते. पाणी उडालं की कण एकमेकांना बिलगून बसतात. नवीन काहीच तयार झालेलं नसतं. म्हणूनच बादलीत ठेवली की पाणी पुन्हा कणांमध्ये शिरतं आणि मूर्तीची परत माती होते.

प्लास्टर मात्र भट्टीतून येतं, जिप्सम नावाचा खडक भाजून. आपल्याकडचं बहुतेक जिप्सम राजस्थानचं, प्राचीन समुद्र आणि खारी तळी आटून साचलेलं. त्याच्या स्फटिकांतच पाणी बांधलेलं असतं. साधारण १५० अंशांवर भाजलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी उडून जातं, उरते पांढरी भुकटी. पेणचा कारागीर तिच्यात पाणी कालवतो आणि साच्यात ओततो. भुकटी गमावलेलं पाणी अधाशासारखी परत ओढून घेते, सुयांसारखे स्फटिक फुटतात, एकमेकांत गुंततात, साचा हाताला कोमट लागतो. थोड्याच वेळात आत पुन्हा खडक तयार! आता या मूर्तीला नदीच्या पाण्याचं काय अप्रूप? तिने तिच्या वाटणीचं पाणी केव्हाच पिऊन घेतलंय.

हिशेबच करा. एका लिटर पाण्यात जिप्सम विरघळतं जेमतेम २ ग्रॅम. म्हणजे २ किलोच्या घरगुती मूर्तीला हजारेक लिटर पाणी हवं, आणि तेही अगदी सावकाश. ज्या मोरया गोसावींच्या नावाचा गजर आपण विसर्जनाला करतो, त्यांची समाधी चिंचवडला पवनेच्याच काठावर आहे. त्याच पवनेच्या तळाशी अर्धवट झिजलेल्या मूर्ती पडून राहाव्यात, हे मनाला फार लागतं. पिंपरी-चिंचवडमध्ये कृत्रिम हौद असतात, मूर्तिदान होतं, नदी वाचते. पण हौदात टाकला म्हणून खडक थोडाच विरघळतो?

इथे पुण्याच्या पाषाणमधली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे आपली एनसीएल, कामाला आली. तिथल्या शास्त्रज्ञांनी सुचवलं अमोनियम बायकार्बोनेट: बेकरीत बिस्किटं फुलवायला वापरतात तीच पांढरी, नाकाला झोंबणारी पावडर.

ती करते काय? कंपनीचं कॅन्टीन डोळ्यांसमोर आणा. खुर्च्या मोजक्या, बाहेर अख्खी शिफ्ट उभी. बसलेले उठले तरच पुढचे आत येणार. पाण्यात कॅल्शियमसाठी अशाच मोजक्या खुर्च्या असतात, त्या भरल्या की जिप्समचं विरघळणं थांबतं. पावडरमधलं कार्बोनेट त्या कॅल्शियमला पकडून उठवतं आणि चुनखडीची भुकटी करून तळाशी बसवतं. ही भुकटी पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, त्यामुळे ती परत खुर्ची अडवत नाही. खुर्ची रिकामी झाली की मूर्तीतून पुढचं कॅल्शियम येतं, तेही उठतं. अख्खा खडक असा रांगेने बाहेर पडतो!

मूर्तीच्या वजनाइतकी पावडर घ्यायची, मूर्ती पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्यायचं, बादली बाल्कनीत ठेवायची, कारण अमोनियाचा वास येतो. हार आणि निर्माल्य आधी काढायचं. दर दोन-तीन तासांनी काठीने ढवळायचं. बुडबुडे येत राहतात, तो कार्बन डायऑक्साइड. रंगाचे पापुद्रे सुटून वर येतात, ते गाळून वेगळे करायचे. आतला काथ्या असेल तर तोही हाती लागतो. साधारण दोन दिवसांत काम होतं.

देवाला बादलीत बुडवायचं, असं काहींच्या मनात येतं. पण आपल्या पूजाविधीतच त्याचं उत्तर आहे. उत्तरपूजा करून, अक्षता वाहून मूर्ती जागेवरून हलवली की आवाहन केलेलं देवत्व निरोप घेतं. उरतं ते पार्थिव. ते पार्थिव खरोखर विरून जातं ते या बादलीत. मला हे नदीतल्या विसर्जनापेक्षा जास्त शास्त्रोक्त वाटतं. अर्थात पुढच्या वर्षी शाडूच आणावा. एवढा खटाटोपच नको!

आणि शेवटी बादलीत उरतं काय? २ किलो मूर्तीमागे तळाशी सव्वा किलोच्या आत-बाहेर चुनखडी आणि वरच्या पाण्यात सुमारे दीड किलो अमोनियम सल्फेट. हे तर शेतकऱ्याच्या ओळखीचं खत! त्यातलं नत्र पावडरमधून आलं, गंधक मात्र थेट मूर्तीतून. बादलीतलं पाणी फार तीव्र असतं, तसंच कुंडीत ओतलं तर झाड करपेल. भरपूर पाणी मिसळून थोडं-थोडंच द्यायचं. गंधक चांगलं मानवतं कोणाला? कांद्याला. त्याचा उग्रपणा, चिरताना डोळ्यांत येणारं पाणी, हे सगळं गंधकाच्या संयुगांचं काम. आणि कांद्याचा मोठा बाजार कुठे भरतो? इथेच, चाकणला. राजस्थानातल्या आटलेल्या पाण्याचं गंधक, पेणच्या साच्यातून जाऊन, चाकणच्या कांद्याचा तिखटपणा होऊ शकतं.