युद्ध आणि तरुण पिढी : तथागतांचा मार्ग व मराठवाड्याचा अनुभव

कोणत्याही समाजाचे बळ त्याच्या तरुणांत असते, असे आपण सभा-संमेलनांतून नेहमी ऐकतो. ते खरेच आहे. परंतु ज्या बळावर वस्तीत विहार उभे राहते, रात्रीची अभ्यासिका चालते, जयंतीची मिरवणूक शिस्तीत निघते, तेच बळ युद्धालाही लागते. युद्धाचा ठराव बहुधा वयाने मोठी माणसे करतात. तो अमलात मात्र वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी आणायचा असतो. म्हणून युद्धाबाबत तरुणांची भूमिका काय असावी, हा प्रश्न केवळ राज्यकर्त्यांचा नाही. तो आपल्या घरातील मुलामुलींचा आहे. येथे आम्ही तो दोन अंगांनी मांडत आहोत. एक म्हणजे सिद्धार्थ गौतमांच्या तरुणपणातील प्रसंग आणि दुसरे म्हणजे नांदेड-लातूरच्या भूमीला १९४८ साली आलेला अनुभव.

शाक्य संघातील तरुण सभासद

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. रोगी, म्हातारा व प्रेत पाहून सिद्धार्थाने घर सोडले, ही परंपरागत कथा बाबासाहेबांनी त्यात स्वीकारली नाही. त्यांनी मांडलेले कारण वेगळे आहे, आणि ते थेट तरुण व युद्ध यांच्याशी निगडित आहे.

विसाव्या वर्षी सिद्धार्थ शाक्य संघाचा सभासद झाला. पुढे आठ वर्षांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्या माणसांत मारामारी झाली. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. सेनापतीने संघापुढे युद्धाचा ठराव मांडला. सिद्धार्थाने उठून त्यास विरोध केला. आधी चूक कोणाची याची चौकशी व्हावी, दोन्ही बाजूंनी दोन-दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. मतमोजणीत ती फेटाळली गेली. दुसऱ्या दिवशी वीस ते पन्नास वयाच्या प्रत्येक शाक्याने सैन्यात यावे असा ठराव आला. आदल्या दिवशी विरोधात मत देणारे त्या दिवशी गप्प बसले. एकटा सिद्धार्थ बोलला. कुटुंबावर बहिष्कार पडेल, जमीन जप्त होईल, अशी धमकी मिळाली, तेव्हा घरच्यांना झळ लागू नये म्हणून त्याने स्वतः परिव्रज्या पत्करली.

या कथेचा पुढचा भाग आपण फारसा सांगत नाही. सिद्धार्थ गेल्यावर शाक्यांमध्ये युद्धाविरुद्ध चळवळ उभी राहिली. स्त्रिया, पुरुष, मुले व मुली फलक घेऊन मिरवणुकीने निघाली. अखेर संघाला कोलीयांशी समेटाचा निर्णय घ्यावा लागला. बहुमताने हरलेली सूचना अशी जनमताने जिंकली, आणि त्यात लहानथोर सर्वांचा वाटा होता.

मग सैनिक होणे चूक काय?

आपल्या समाजात हा प्रश्न साहजिक आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी हे लष्करात सुभेदार होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा पोटाचा व मानाचा एक मार्ग बंद झाला. पहिल्या महायुद्धात गरज पडली म्हणून महार पलटण उभी केली आणि युद्ध संपताच १९२१ साली ती मोडली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या जवानांचे शौर्य देशाला ठाऊक आहे.

तथागतांनी दुष्टापुढे शरण जाण्यास कधीही सांगितले नाही. वैशालीचा सेनापती सिंह याने हीच शंका विचारली होती. शांततेचे सर्व उपाय करून पाहिल्यावर न्यायासाठी लढावे लागले, तर लढणाऱ्यास दोष नाही. मात्र स्वार्थासाठी, द्वेषासाठी किंवा सूडासाठी शस्त्र उचलणे निषिद्ध, असा त्या उपदेशाचा भाव आहे. म्हणून देशरक्षणासाठी गणवेश घालणारा आपला भाऊ आणि सूडाच्या जमावात शिरणारा तरुण, यांत धम्माच्या दृष्टीने फार मोठे अंतर आहे.

१९४८ : आपल्या भागातील तरुण

हे अंतर मराठवाड्याने डोळ्यांनी पाहिले आहे. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, पण आपला भाग निजामाच्या राज्यातच राहिला. लातूर तेव्हा उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यात होते. लातुरातच वकिली केलेला कासिम रझवी हा रझाकारांचा पुढारी झाला. हाती लाठी व बंदूक देऊन खेड्यापाड्यांत पाठवलेल्या या स्वयंसेवकांत तरुण मोठ्या संख्येने होते. त्यांनी केलेली लूट व जाळपोळ गावोगावच्या लोकांनी भोगली.

दुसऱ्या बाजूलाही तरुणच होते. १९३८ साली वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हटले म्हणून उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकलेले विद्यार्थी पुढे स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालील लढ्यात उतरले. १९४७-४८ मध्ये अनेकांनी शाळा-कॉलेज सोडले आणि सरहद्दीवरच्या छावण्या गाठल्या.

आपल्या समाजापुढे तर मोठा पेच होता. निजामाची बाजू घेतल्यास सवलती मिळतील असे सांगणारे काही पुढारी होते. अशा वेळी नोव्हेंबर १९४७ मध्ये बाबासाहेबांनी पत्रक काढून हैदराबादेतील अस्पृश्य बांधवांना निजामाच्या पक्षाला जाऊ नका, असे स्पष्ट बजावले. गरीब तरुणाची उपासमार दुसऱ्याच्या युद्धाचे इंधन होते, हे त्यांनी ओळखले होते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य हैदराबाद राज्यात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तो दिवस आपण मराठवाडा मुक्तिदिन म्हणून अभिमानाने साजरा करतो. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे घडले तेही विद्यार्थ्यांना ठाऊक हवे. पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून पंडित सुंदरलाल यांच्या समितीने त्या वर्षाच्या शेवटी राज्यभर दौरा केला. राज्यात २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद व नांदेड होते. बाकीचे दोन बीदर व गुलबर्गा. रझाकारांचा राग त्यांच्या धर्माच्या निरपराध शेजाऱ्यांवर निघाला. तो अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. पण त्यातच अशीही नोंद आहे की, काही ठिकाणी हिंदू शेजाऱ्यांनी जिवाची पर्वा न करता मुसलमान कुटुंबांना वाचवले. वैराने वैर शमत नाही, ही तथागतांची शिकवण त्यांनी आचरणात आणली, असेच म्हणावे लागेल.

युद्धानंतरचे काम

युद्धात तरुणाचा जीव जातो तेवढेच नुकसान नसते. जो वाचतो त्याची शिकण्याची वर्षे जातात, आणि ती परत येत नाहीत. निजामी राजवटीत उच्च शिक्षणासाठी बहुतेकांना हैदराबादची वाट धरावी लागे. ते शिक्षणही उर्दूतून. म्हणून मुक्तीनंतर दोनच वर्षांत, १९५० साली, दोन मोठी कामे झाली. स्वामी रामानंद तीर्थांनी नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू केले आणि बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) पुढे मिलिंद म्हणून नावारूपास आलेले महाविद्यालय काढले. मराठवाड्यातील आपल्या समाजाच्या पदवीधरांची पहिली पिढी तेथून बाहेर पडली. बंदुकीने मोडलेली पिढी पुस्तकाने उभी राहते, याचा यापेक्षा चांगला पुरावा कोणता?

आजचे युद्ध व आपली मुले

युद्ध दूर देशात असले म्हणजे आपण सुरक्षित, असे आता राहिलेले नाही. लातूरचा शिक्षण पॅटर्न राज्यभर प्रसिद्ध आहे. वैद्यकीय प्रवेशाची तयारी करूनही येथे जागा मिळाली नाही, की कमी खर्चात डॉक्टर होण्यासाठी काही मुले परदेशी जातात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा मराठवाड्यातील विद्यार्थीही तळघरांत अडकले. सरकारने ‘ऑपरेशन गंगा’द्वारे २२ हजारांहून अधिक भारतीयांना परत आणले. मात्र कर्नाटकातील एक विद्यार्थी खारकीव्ह शहरात मारला गेला, आणि परतलेल्या हजारोंचा अभ्यास अर्ध्यावर राहिला.

दुसरा धोका त्याहून वाईट आहे. मदतनीसाची नोकरी देतो असे सांगून काही भारतीय तरुणांना रशियात नेले आणि तेथे सैन्यात घातले. त्यांतील काही रणांगणावर मेले. मार्च २०२४ मध्ये सीबीआयने या दलालांवर गुन्हा नोंदवला. बेकार तरुण हाच अशा दलालांचे सावज असतो.

आपण काय करावे?

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ९ डिसेंबर २०१५ रोजी ठराव क्रमांक २२५० संमत केला. शांततेच्या कामात व निर्णयात तरुणांना स्थान द्यावे, असे त्यात म्हटले आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी शाक्य संघात एका तरुणाने तेच स्थान स्वतः उभे राहून घेतले होते.

आमचे विद्यार्थ्यांना व सभासदांना सांगणे एवढेच आहे. गावात तंटा झाला तर हाताआधी चौकशी पुढे करा; मोबाईलवर आलेली चिथावणी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. परदेशी नोकरीचा करार न समजणाऱ्या भाषेत असेल तर सही करू नका. दलालाची सरकार दरबारी नोंदणी आहे का ते आधी पाहा. १९४८ साली जे पंधरा वर्षांचे होते ते आज नव्वदी ओलांडलेले आहेत. त्यांच्यापाशी बसून त्या दिवसांच्या आठवणी लिहून घ्या. आणि सर्व जण एका बाजूला ओरडत असताना मन दुसरे सांगत असेल, तर गप्प बसू नका. शाक्य संघात आदल्या दिवशी विरोध करणारे अनेक होते; दुसऱ्या दिवशी बोलणारा एकच उरला. आपल्या सभेत तरी दुसऱ्या दिवशी बोलणारे अधिक असावेत.

भवतु सब्ब मंगलम्। जय भीम!